दुसऱ्यांची भांडी

पॉटरी स्टुडिओत शिकवायला लागलं की स्वतःची भांडी कमी होत जातात. आमच्या इथे मी आणि आणखी दोघी शिकवतो. तिघींच्याही फळ्यांवर आता भांडी थोडी आणि धूळ जास्त. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, शनिवार-रविवारी हौशी लोकांच्या कार्यशाळा. मधल्या वेळात ग्लेझच्या बादल्या ढवळायच्या, गाळायच्या, भट्टी भरायची. चाक मोकळं सापडतं ते रात्री, आणि तेव्हा कंबर नको म्हणते. तासांवर मिळणाऱ्या मानधनात भट्टीपाशी काढलेली रात्र धरलेली नसते, हेही जाता जाता सांगून टाकते.

तरी दिवसभर हातात भांडीच असतात, फक्त ती दुसऱ्यांची. कुणा दंतवैद्य बाईंचा वाडगा, कॉलेजच्या पोराचा पहिला मग, कुणी आईच्या साठीसाठी केलेली फुलदाणी. दुसऱ्याचं कच्चं भांडं हाताळणं हे या धंद्यातलं निराळं कसब आहे. कुठल्याही स्टुडिओची पारख मी तरी त्यावरूनच करते.

नवा माणूस चाकावर बसला की पहिल्यांदा अडतो तो सेंटरिंगला. मातीचा गोळा चाकाच्या बरोबर मधोमध बसून डगमगायचा थांबला पाहिजे, त्याशिवाय पुढचं काही होत नाही. लोक जोर लावतात, तोही मनगटातून. मनगट मातीबरोबर हलतं आणि माती जिंकते. खरं तर कोपर मांडीवर नाहीतर कुशीत घट्ट रोवायचं आणि हात हलूच द्यायचा नाही. जुळवून घ्यायचं ते फिरणाऱ्या मातीनं. हे बोलून सांगितलं की सगळे मान डोलावतात आणि पुन्हा मनगट वापरतात.

शिकवणाऱ्याला मोह होतो तो इथे. समोरच्याच्या हातांवर आपले हात ठेवले की अर्ध्या मिनिटात गोळा गप्प बसतो. शिकणारा खूश होतो, त्याला वाटतं जमलं. पुढचा गोळा घेतला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आमच्याकडे येतात. ते दर गोळ्याला म्हणायचे, "मॅडम, जरा हात लावता का?" एकदा मी हात न लावता नुसतं बघत बसले. त्यांचं डावं कोपर मांडीच्या चार बोटं वर, हवेत होतं. माणूस उंच, स्टूल ठेंगणं, त्यामुळे ते टेकत नव्हतं. एक नॅपकिन घडी करून मांडी आणि कोपर यांच्यामध्ये सरकवला आणि म्हटलं, आता चाकाचा वेग वाढवा, पाणी घ्या. गोळा थोडा वेळ थडथडला, मग थडथड पातळ होत गेली आणि थांबली. "थांबलं की!" साहेब ओरडले, आणि त्या आनंदाच्या भरात अंगठा थेट बुडापार घालून भोक पाडलं. बूड किती जाड ठेवायचं हा पुढच्या आठवड्याचा धडा.

हात लावायचा की नाही यावर आमच्या तिघींत एकमत नाही. एक जण अगदी कडक. तिचे गुरू पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेले. १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केलेली ही जागा. देशातल्या किती तरी स्टुडिओ कुंभारांचा गुरुमार्ग तिथे जाऊन मिळतो. त्या वळणाची माणसं एकच आकार पुन्हा पुन्हा करून घेतात, आणि नुकतंच जमलेलं भांडं तारेनं उभं चिरून आतली जाडी दाखवतात. बिचाऱ्या शिकणाऱ्याचा चेहरा बघवत नाही, पण भिंत खाली जाड आणि वर पातळ राहिली आहे हे त्या कापात एका नजरेत दिसतं. दुसरी कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेली. तिचं म्हणणं, लोक नोकरी-धंदा सांभाळून येतात, त्यांना घरी काहीतरी घेऊन जाऊ दे. मी वार बघून पक्ष बदलते. रविवारच्या कार्यशाळेत मी बेधडक हात लावते, कारण त्यातली बरीच माणसं परत येणार नसतात आणि त्यांना एक वाटी हवी असते. नेहमीच्या बॅचला मात्र माझे हात पाठीमागे.

मातीचं सगळं काम काका बघतात. पुण्याजवळच्या कुंभारवाड्यात वाढलेले, माठ आणि रांजण करणाऱ्या घरातले. चाकावर नुसता गळा आणि जाड अंग उठवायचं, मग आतून दगडी गोटा धरून बाहेरून चोपण्यानं थापटत थापटत माठाचं पोट वाढवायचं, हे त्यांचं मूळचं काम. आमच्याकडे ते वाया गेलेली माती परत कामाला आणतात. मोडलेली, सुकलेली, चिखल झालेली माती पिंपात भिजते, प्लास्टरच्या लादीवर थापून तिचं पाणी ओढून घेतलं जातं, आणि मग काका ती मळतात. आमची स्टोनवेअरची माती विकतची. थानगढ, बिकानेर अशा लांबच्या खाणींतून आलेली माती त्यात मिसळलेली असते. पहिल्यांदा काकांनी ती चिमटीत घेऊन दाबली आणि म्हणाले, "हिला लीद नको, राख नको. शहरातली दिसतेय." त्यांच्या घरी ओढ्या-तळ्याची माती, तिच्यात घोड्याची लीद कालवलेली.

लोक सर्रास समजतात की मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडं भट्टीत फुटतं. मळताना हवा काढायची असते हे खरं, नाहीतर चाकावर भिंत ओढताना हाताला गाठी लागतात. पण भट्टीत भांडं फोडतं ते पाणी. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते, आणि जाड बुडातून ती वेळेत बाहेर पडली नाही तर ठिकऱ्या उडतात. शेजारच्या चार जणांच्या भांड्यांनाही मार बसतो तो वेगळाच. म्हणून पहिल्या भाजणीला भांडं जाऊ द्यायचं की नाही हे काका ठरवतात. वाळलेलं दिसणारं भांडं उचलून गालाला लावतात. गार लागलं तर आत ओल आहे. "ताई, हे आज नको. पोटात पाणी हाय अजून." मालक कितीही घाईत असो, ते भांडं फळीवर परत जातं. उचलतात तेही दोन्ही हातांनी, बुडाखालून. काठाला किंवा कानाला धरून कच्चं भांडं उचलणारा माणूस दिसला की काका काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्याच्या फळीकडे फिरकतही नाहीत.

सणासुदीच्या गर्दीत काकूही येतात. संक्रांतीची सुगडं, दिवाळीच्या पणत्या यांत त्यांचं आयुष्य गेलं. माती कुटणं, चाळणं, तुडवणं, वाळवणं, आवा रचताना भांडी हातात देणं, बाजारात बसणं, सगळं केलं. चाकावर मात्र कधी बसल्या नाहीत; त्यांच्या घरात बायका चाकाला हात लावत नाहीत. आमच्याकडे चाकांवर बसलेल्यांत बायकाच जास्त. काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "सगळ्या पैसे भरून बसतात होय?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. त्यांना बसायचा आग्रह आम्ही केला, त्यांनी हसून टाळला. मगांना कान जोडायचं काम मात्र त्यांनी आपणहून घेतलं. दोन्हीकडे ओरखडे काढून, पातळ चिखल लावून, अंगठ्यानं असा दाबतात की त्यांनी जोडलेला कान सुटलेला मी पाहिला नाही. आता बॅचमध्ये तो भाग त्याच शिकवतात. मानधन आमच्याइतकंच घेतात. त्यावरून थोडं बोलणं झालं होतं, ते मिटलं.

भट्टी भरणं हे माझं काम. पहिल्या भाजणीत भांडी एकमेकांत घातली, एकावर एक ठेवली तरी चालतं. ग्लेझच्या भाजणीत एकालाही दुसऱ्याचा स्पर्श होता कामा नये, कारण १,२२० अंशांच्या आसपास ग्लेझ वितळून काच होते आणि जे शिवेल त्याला चिकटते. मग कुणाचा उंच जग मध्ये, कुणाच्या बशा कडेला, मधल्या फटीत कुणाची अंगठ्याएवढी वाटी, असा अनोळखी लोकांचा शेजार जमवायचा. दाराच्या भोकासमोर कोन ठेवायचे. हे मातीचे बारीक सुळके बर्लिनमध्ये हेरमान झेगरनं १८८६ मध्ये आणले, दहा वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड ऑर्टननं तसेच बनवायला घेतले. भट्टीचा आकडा नुसतं तापमान सांगतो. त्या आचेनं मातीवर किती काम केलं हे कोन वाकतो त्यावरून कळतं. काका आव्यातल्या आगीचा रंग बघून सांगायचे तेच हे.

भट्टी बंद झाली की फोन सुरू होतात. "ताई, उघडली का?" निवताना ५७३ अंशांपाशी मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकसतं, त्या सुमाराला गार हवा लागली तर भांडं तडकतं. म्हणून दाराला हात लावायचा तो आकडा शंभराच्या खाली आल्यावरच, आणि तोवर फोनवर सगळ्यांना तेच ते सांगत बसायचं.

मागे त्या दंतवैद्य बाईंनी वाडग्याला निळं ग्लेझ तीनदा बुडवून चढवलं. जाडी इतकी की नखानं खरवडली तरी बूड दिसेना. मी म्हटलं, हे वाहणार, शेल्फला चिकटणार, पुसून परत लावा. त्या म्हणाल्या, मला असंच हवंय. असा वाडगा नाकारायचा अधिकार मला आहे आणि मी तो वापरतेही. पण भांडं त्यांचं होतं, शेल्फ सगळ्यांचं. शेवटी काकांनी रद्दी मातीची एक भाजकी चकती आणून दिली, तिच्यावर वाडगा ठेवला आणि आजूबाजूला चार बोटं जागा सोडली. त्या जागेत आणखी दोन मग बसले असते.

वाडगा वाहिलाच. ग्लेझ ओघळून बुडाशी निळं तळं झालं आणि चकती कायमची जोडली गेली. बाईंनी तो हातात घेऊन फिरवला आणि म्हणाल्या, "अय्या, बशीसकट आला!" क्लिनिकच्या टेबलावर ठेवायला घेऊनही गेल्या. काकांनी वहीत त्यांच्या नावापुढे भाजणीचे पैसे लिहिले, खाली एका चकतीचे लिहिले, आणि मला विचारलं, "त्या दोन मगांच्या जागेचे कुणाकडून घ्यायचे?"