भिंतीपासून सव्वा मीटर

अभ्यागत प्राध्यापक म्हणून बंगळूरला आलो आणि इंदिरानगरातील भाड्याच्या खोलीत वडिलांच्या रियाजाची जुनी ध्वनिफीत लावली, तेव्हा बंदिशीतला एकही शब्द उमगेना. फरशी ग्रॅनाइटची, भिंती उघड्या, खिडक्या काचेच्या. टाळी वाजवली तरी ती खणखणत राही. शिवाय तंबोऱ्याचा खर्ज घुमून गळा झाकून टाकी. दोष मी फितीलाच दिला.

१८९५ मध्ये हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी अशाच घुमणाऱ्या व्याख्यानगृहात नाट्यगृहातील गाद्या आणून निनाद किती काळ टिकतो हे मोजण्यास आरंभ केला. ते आठवून आईने शिवलेली गोधडी भिंतीवर टांगली. शब्द मोकळे झाले. खर्ज मात्र घुमतच राहिला, कारण मंद्र स्वरांच्या लांब लहरी गोधडीला जुमानीत नाहीत. काळी एकच्या खर्जाची सेकंदाला सुमारे ६९ कंपने. माझ्या खोलीसारख्या ५ मीटर लांब जागेत नेमकी तीच लहर भिंतीलगत बळावते. खुर्ची मागच्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढे ओढली आणि खर्ज निवळला.

मग प्रथमच ऐकू आले : तान संपताच वडील थांबतात, ‘पुन्हा’ असे स्वतःशीच पुटपुटतात आणि तीच तान परत घेतात. स्वतःच्या गाण्यावर ते फार संतुष्ट असत, अशी माझी आजवरची समजूत. वाचकाच्या जागेवरून अर्थ ठरतो, हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. वडिलांना मात्र भिंतीला टेकूनच ऐकत आलो होतो.