दारची कळ

निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी वेड जवळ करावे म्हणतात. मी बागेचे केले. नोकरीची सारी वर्षे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच गाठण्यात गेली. आता दारात दिवसभर उन्हात तळपणारे अंगण होते आणि हातात मुलाने धाडलेले विलायती बागांचे सचित्र पुस्तक.

त्या पुस्तकातल्या टॉर्च लिलीवर माझा जीव जडला. पात्यांच्या झुबक्यातून निघालेला सरळसोट दांडा आणि टोकाला नळीसारख्या फुलांची मशाल, वर लाल, खाली पिवळी! इंग्रज तिला तापलेली सळई म्हणतात. मूळची ती आफ्रिकेची, आपल्या कोरफडीची दूरची नातलग. ‘भरपूर ऊन हवे’ हे वाक्य वाचून मी मोहरलो. ऊन तर मोऱ्याला विकण्याइतके! ‘मुळाशी पाणी साचू देऊ नये’ हे पुढचे वाक्य मात्र मी सोयीस्करपणे ओलांडले.

चांगले पैसे मोजून चार रोपे आणली. आषाढात चारही गड्डे कुजले.

“अहो, थंड मुलखातली पोर ती. तिला आपली ओल कशी सोसावी?” सौभाग्यवती म्हणाल्या.

त्याच श्रावणात द्रोणागिरीच्या वाटेवर, एका कुंपणात, मला माझी मशाल दिसली. मागे वळून उभ्या राहिलेल्या सहा पाकळ्या, कडा नागमोडी, पिवळ्यातून लाल होत जाणाऱ्या. जणू वाऱ्यावरची ज्योतच. ती होती आपली कळलावी! १९४७ साली राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाला दक्षिण ऱ्होडेशियातल्या शाळकरी मुलांनी हिऱ्यांचे जे फूल भेट दिले, ते हेच. आणि आम्ही मात्र तिच्याकडे न बघता लाँच पकडायला धावत होतो.

मी कंद आणले. घरात कुरबूर सुरू झाली. “कळलावी दारात लावली की घरात भांडणे होतात,” सौभाग्यवतींनी बजावले. मी हसलो. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी तिच्या कंदाचा लेप लावीत, त्यावरून हे नाव पडले, असे मी त्यांना ऐकवले. पुढच्या पावसाळ्यात वेल असा फुलला की भांडायला कोणाला सवड राहिली नाही.

दिवाळी झाली, वेल वाळला, कंद जमिनीत झोपी गेले. कार्तिकी एकादशीला सहा वर्षांचा नातू खुरपे घेऊन अंगणात खेळत होता. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरात धावला. “आजी, रताळं सापडलं!” उपासाची रताळी उकडायची होतीच, तेही धुऊन पातेल्यात पडले.

शेजारची मावशी भांडे परत द्यायला आली म्हणून बरे. पातेल्यात डोकावून ती म्हणाली, “वहिनी, हे काय शिजवतेस? रताळं कधी नांगरासारखं असतं का?”

माझ्या पायांतले बळच गेले. संस्कृतात कळलावीला ‘लांगली’ म्हणतात, ते तिच्या या नांगरी कंदावरूनच. हे मला पुस्तकातून ठाऊक होते; मावशीला ते डोळ्यांनी दिसले. या कंदातले कोल्चिसीन मोजून दिले तर संधिवाताच्या एका प्रकारावर औषध ठरते. त्याच्या बियांसाठी तामिळनाडूत शेतकरी या वेलाची शेती करतात. पण कंद पोटात गेला तर जीव घेतो, आणि उकडल्याने ते विष जात नाही.

पातेले गेले उकिरड्यावर. मी कुदळ उचलली. सौभाग्यवतींनी हात धरला. कळ आता लागणारच, असे मला वाटले. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “तिला का उपटता? तिने काय केले? पोराला सांगायचे राहिले, ती चूक तुमची.”

आता वेलाभोवती जाळी आहे. जाळीवर नातवाच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत एक पाटी टांगली आहे : ‘हे रताळे नाही.’