समतोल पानांची बोली

शाळेच्या वार्षिक अंकात पत्त्यांच्या खेळाविषयी लेख पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहो. आमच्या स्वतःच्या घरी पत्त्यांस सक्त मज्जाव होता. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. पत्त्यांच्या पाठोपाठ पैसा येतो आणि पैशाच्या पाठोपाठ भांडण येते, असे त्यांचे ठाम मत. जुगारापुरते ते मत आजही आम्हांस सोळा आणे मान्य आहे. परंतु या बंदीमुळे इस्पिक कोणते आणि किलवर कोणते, हे कळण्यास आम्हांस वयाची पस्तिशी ओलांडावी लागली. ज्या खेळात एक पैसाही लावावा लागत नाही आणि तरीही जिंकणे-हरणे राहते, असा खेळ म्हणजे ब्रिज. त्याने आम्हांस एक धडा दिला. तो शाळेतच शिकावयास हवा होता. पण शाळेत आम्ही शिकवीत होतो, शिकत नव्हतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गुरू निगडी प्राधिकरणात राहणारे एक निवृत्त गृहस्थ. सारी आळी त्यांस काका म्हणते, आम्हीही काकाच म्हणतो. त्यांची उभी हयात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटांत डबा आटोपावा आणि उरलेल्या वेळात ब्रिजचे दोन डाव टाकावेत, असा त्यांच्या चौकडीचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. लोणावळा लोकलने पुण्याहून पिंपरीस येणारे दोघे तर गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरून दापोडी-कासारवाडीपर्यंत एक डाव उरकीत असत. हा खेळ क्लबांतील धनिकांचा, अशी आमची समजूत होती. ती काकांच्या ओसरीवर पहिल्याच दिवशी मोडली. पुढे असे कळले की, निमाडात खरगोन जिल्ह्यातील रायबिडपुरा या खेड्यात शेतकरी मंडळी दोन-तीन पिढ्यांपासून ब्रिज खेळत आली आहेत. आणि २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत जेव्हा या खेळास प्रथम स्थान मिळाले, तेव्हा पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या दोघा भारतीयांनी मिळविले. त्या वेळी बर्धन ६० वर्षांचे होते आणि सरकार ५६ वर्षांचे. चाळिशी उलटलेल्या शिक्षकास याहून मोठा दिलासा तो कोणता?

ज्यांस खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चौघे खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकास तेरा पाने. आपण दोघे मिळून किती हात करू आणि हुकूम कोणता, याचा आधी लिलाव होतो. त्यास बोली म्हणतात. हुकूम नको असेल तर नो-ट्रम्प, म्हणजे बिनहुकमी, अशी बोली करता येते. सांप्रत जो काँट्रॅक्ट ब्रिज खेळतात त्याची गुणपद्धती हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने १९२५ साली एका जलप्रवासात बसविली. तिचे मर्म असे की, जितके हात बोलून केले तितक्यांचेच खरे मोल. न बोलता केलेल्या हातांना बक्षीस नाही. मनात ठेवलेली ताकद या खेळात हिशोबास धरली जात नाही.

ताकद मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २ व गुलामाचा १. सबंध जोडात ४० गुण, म्हणजे सरासरीने दर माणशी १०. ही मोजणी मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाते आणि पुढे चार्ल्स गोरेन यांनी ती घरोघर पोचविली. आता समतोल पाने कोणती? ज्यांत चारही रंग थोडेफार सारखे वाटले गेले आहेत ती : ४-३-३-३, ४-४-३-२ अथवा ५-३-३-२. शंभर वाटपांत सुमारे ४८ वेळा अशीच पाने हाती येतात; मात्र त्यांत २० गुणांची ताकद क्वचितच असते. एखाद्या रंगाची सात पाने हाती आली की नवशिक्याचे डोळे चमकतात. चारही रंग बरे, पण एकही लांब नाही, असे हाती आले की तो हिरमुसतो. वास्तविक बळकट समतोल पानांइतके उपयोगी दुसरे काही नाही. कारण भिडूच्या हाती कोणताही रंग असो, त्यास आपल्याकडून आधार मिळतोच.

अशा पानांसाठी जाणत्यांनी एक जिना बांधून ठेवला आहे. काकांनी तो आम्हांकडून पाढ्यांप्रमाणे पाठ करून घेतला. १५ ते १७ गुण असल्यास एक नो-ट्रम्प. १८ वा १९ असल्यास आधी एखादा रंग बोलावा आणि भिडूने उत्तर दिले की एक पायरी गाळून नो-ट्रम्पची उडी घ्यावी. २० वा २१ असल्यास एकदम दोन नो-ट्रम्प. २२ ते २४ असल्यास प्रथम दोन किलवर. ही बोली किलवराची नसून केवळ सामर्थ्याची वर्दी असते. व मग दोन नो-ट्रम्प. त्याहून अधिक असल्यास दोन किलवरानंतर तीन नो-ट्रम्प. कोणी १२ ते १४ गुणांवर एक नो-ट्रम्प बोलतात, कोणी १६ ते १८ वर. गावोगावचे रिवाज निराळे असतात. परंतु प्रत्येक पायरी दोन-तीन गुणांइतकीच अरुंद ठेवावी, हे तत्त्व सर्वत्र एकच.

पायरी अरुंद का? भिडूस बेरीज करता यावी म्हणून. तीन नो-ट्रम्प म्हणजे नऊ हात; त्यास दोघांचे मिळून सुमारे २५ गुण लागतात. सहा नो-ट्रम्प म्हणजे बारा हात, त्यास ३३. हा ३३ चा आकडा उगाच धरलेला नाही. ४० मधून ३३ वजा करता प्रतिपक्षाकडे ७ उरतात, आणि दोन एक्क्यांचे ८ होतात. अर्थात दोन एक्के त्यांच्याकडे असूच शकत नाहीत. तसेच ३७ असल्यास त्यांच्याकडे ३ उरतात, म्हणजे एकही एक्का नाही. तेव्हा तेराही हातांची गोष्ट बोलावी. बळकट पानांच्या धन्याने एकदा आपली ताकद नेमकी सांगितली की त्याचे काम संपले. पुढचा कप्तान दुबळ्या पानांचा भिडू. दोन नो-ट्रम्प ऐकल्यावर ५ गुणांचा भिडू निर्धास्तपणे तीन बोलतो. १३ गुणांचा भिडू बारा हातांचे स्वप्न पाहू शकतो. कोणास बदाम किंवा इस्पिकाची चार पाने विचारावयाची असल्यास तीन किलवर बोलून विचारता येते. या युक्तीस सॅम्युअल स्टेमन यांचे नाव पडले, कारण १९४५ साली त्यांनी ती लेखाने प्रसिद्ध केली. वस्तुतः ती जॉर्ज रापे या त्यांच्या भिडूच्या डोक्यातून निघाली होती. जो बोलला त्याचे नाव झाले!

आता आमची फजिती सांगतो. नाताळच्या सुट्टीत काकांच्या ओसरीवर आठ जण जमले होते. दोन टेबले मांडून दोन्हींवर तीच पाने फिरविण्याचे ठरले, म्हणजे नशिबाची सबब कोणास सांगता येऊ नये. एका डावास आमच्या हाती पुढील पाने आली : इस्पिकाचा एक्का, राणी, चौवी, बदामाचा राजा, गुलाम, सत्ती, दुरी, चौकटीचा एक्का, राजा, पंजी, किलवराचा राजा, दश्शी, अठ्ठी. गुण मोजले, बरोबर २०. जिना पाठ होता. दोन नो-ट्रम्प बोलावयाचे होते. पण मन कचरले. एकही रंग लांब नाही, किलवरात एक्का नाही, एवढ्या मोठ्या बोलीने सुरुवात करणे म्हणजे फुशारकी दिसेल, असे वाटले. आधी हळूच एक किलवर बोलू, भिडू काही म्हणेल, मग आपली ताकद उघड करू, असा बेत केला. समोर काका होते. त्यांनी पाने पाहिली आणि म्हणाले, “पास.” उजवी-डावीकडचेही पास झाले. लिलाव तेथेच संपला.

काकांकडे बदामाची व चौकटीची राणी आणि किलवराचा गुलाम, असे ५ गुण होते. एक किलवर म्हणजे बहुधा १२-१३ गुण, असा अर्थ त्यांनी घेतला. आणि १८ गुणांवर कोणी घोडे दामटीत नाही. आम्ही कसेबसे सात हात केले. ७० गुण मिळाले. दुसऱ्या टेबलावर आमचीच पाने घेऊन बसलेल्या गृहस्थाने दोन नो-ट्रम्प म्हटले, त्याच्या भिडूने तीन केले. पहिली उतारी इस्पिकाची झाली, ती थेट एक्का-राणीच्या तोंडी आली. बदामाचा एक्का काढून टाकताच बदामाचे तीन हात झाले, चौकट दोहोंकडे तीन-तीन अशी विभागलेली निघाली आणि तिचे चार. एकूण नऊ. त्या जोडीस ४०० गुण. तीच पाने, तोच दिवस, आणि फरक ३३० गुणांचा.

काका रागावले नाहीत. पाने गोळा करता करता एवढेच म्हणाले, “सर, वीस गुण तुमच्याकडे होते. ते मला सांगायचे कोणी?”

हे वाक्य आमच्याबरोबर घरी आले आणि रात्री झोपेना. कारण त्याने एका जुन्या गोष्टीस हात घातला होता. काही वर्षांपूर्वी चाकणच्या संग्रामदुर्गाजवळच्या वस्तीतून एक मुलगा आमच्या वर्गात येत असे. भोसरीस बस बदलून तो सकाळी वेळेवर हजर असे. वडील कंत्राटी कामगार. मुलगा गणितात पहिला नव्हता, भाषेत पहिला नव्हता, धावण्याच्या शर्यतीतही पहिला नव्हता. पण कोणत्याही विषयात तो चौथ्या-पाचव्याच्या खाली कधी गेला नाही. प्रयोगवही स्वच्छ, शब्द खरा, लहान मुलांचा सांभाळ करणारा. आम्ही शिक्षक ‘हुशार’ हे विशेषण एका रंगाची सात पाने असणाऱ्यास देतो. या मुलाची पाने समतोल होती, म्हणून त्यांची बेरीज कोणी केलीच नाही. पुढील शिक्षणाच्या एका शिष्यवृत्तीसाठी त्याने आमचे शिफारसपत्र मागितले. आम्ही लिहून दिले. शिष्यवृत्ती दुसऱ्यास मिळाली. मुलगा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामास लागला.

सुट्टी संपल्यावर आम्ही शाळेच्या दप्तरातून त्या पत्राची नक्कल काढून वाचली. “वर्तणूक चांगली. सर्व विषयांत प्रगती समाधानकारक. विचार व्हावा.” त्यात असत्य असे एक अक्षरही नव्हते. आमची एक किलवरची बोली तरी कोठे असत्य होती? पण निवड करणाऱ्यांनी त्या मुलास कधी पाहिले नव्हते. त्यांच्यापुढे होते ते आमचे तीन वाक्यांचे पत्र. ते ऐकून त्यांनी ‘पास’ म्हटले, यात त्यांचा दोष काय? स्तुती अधिक झाली असे कोणी म्हणू नये, या भीतीने आम्ही हात आखडला, आणि त्या भीतीस आम्ही सौजन्य समजत होतो. किंमत मात्र आम्ही भरली नाही. ती त्या मुलाने भरली.

आम्ही त्याचा पत्ता शोधून भेटीस गेलो. तो आता रात्रपाळी-दिवसपाळी सांभाळून पदविकेचा अभ्यास करू पाहत आहे. त्याला आम्ही सगळी हकीकत सांगितली. तो संकोचला आणि म्हणाला, “राहू द्या सर, झाले ते झाले.” मुलाने मोठ्या मनाने म्हटले म्हणून आमचा हिशोब मिटत नाही. या खेपेस त्याच्या प्रवेशासाठी आम्ही दीड पानाचे पत्र लिहिले. विषयवार गुण, पाच वर्षांची हजेरी, आणि एका वर्गमित्राच्या आजारपणात त्याने रोज उतरवून दिलेले धडे, असे एकेक पान मांडून शेवटी बेरीज लिहिली. निकाल अद्याप लागावयाचा आहे. गेलेली वर्षे गेली. खेळून झालेला डाव पुन्हा वाटता येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, यावरून फुशारकी मारा असा बोध कोणी घेऊ नये. १७ गुणांवर २० ची बोली करणाराही आपल्या भिडूस बुडवितोच. बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा अदमास घ्यावा, हा लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील दृष्टांत तुम्ही उपासनेत ऐकला आहे. अदमास म्हणजे अधिकही नव्हे आणि उणेही नव्हे. स्वतःच्या गुणांना उणे लेखणे म्हणजे नम्रता, असे आम्ही फार दिवस मानीत आलो. परंतु जे समोरच्यास ठाऊक असणे अवश्य आहे ते नेमके सांगणे, यातच नम्रता व सत्य या दोहोंचा मेळ आहे. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या हाती एकही लांब रंग नाही, कोणत्याच विषयात ज्यांचे नाव फळ्यावर लागत नाही, त्यांनी हिरमुसून न जाता आपली तेरा पाने एकदा नीट मोजून पाहावीत.

आमच्या शिक्षकबंधूंस व भगिनींस इतकीच विनंती की, वर्षअखेरीस शेरे लिहावयास बसाल तेव्हा ‘समाधानकारक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबवावी. आम्ही आता थांबवितो.