तुरटीचा हिशेब

आयनांची नावं पाठ करताना तुम्हालाही झोप येते का? मला तर हमखास यायची! सोडियम धन एक, कॅल्शियम धन दोन, सल्फेट ऋण दोन... पाढ्यांसारखं घोकायचं, नि पेपर समोर आला की सगळी खिचडी! आठवीत एका चाचणीत मला २० पैकी ३ गुण मिळाले. पेपर गादीखाली लपवला आणि मनाशी ठरवूनच टाकलं, रसायनशास्त्र काही आपल्याला जमायचं नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. नळाला गढूळ पाणी यायचं, म्हणून आई घागरीत तुरटी फिरवत होती. तेवढ्यात गादी झटकताना ताईला माझा पेपर सापडला. आता ओरडा बसणार! पण तिनं तुरटीचा खडा माझ्या हातावर ठेवला.

"यात कोण कोण आहे, ठाऊक आहे? एक पोटॅशियम, एक ॲल्युमिनियम आणि दोन सल्फेट. पाण्याचे १२ रेणूही आहेत, पण त्यांच्यावर प्रभार नाही, ते सोड. कर हिशेब!"

मी बोटं मोजली. पोटॅशियमचा धन १, ॲल्युमिनियमचे धन ३, झाले धन ४. सल्फेटचे ऋण २, असे दोन, म्हणजे ऋण ४. बेरीज शून्य!

"बस्स, एवढंच!" ताई म्हणाली. "अणूनं किंवा अणूंच्या गटानं इलेक्ट्रॉन गमावला की धन, कमावला की ऋण. संयुगात देणं-घेणं फिटलंच पाहिजे."

मग नावांचाही गुंता सुटला. सल्फाइड म्हणजे नुसतं गंधक. सल्फाइटमध्ये गंधकासोबत ऑक्सिजनचे ३ अणू, सल्फेटमध्ये ४. प्रभार मात्र तिघांवरही ऋण २!

आणि गंमत ऐका. 'आयन' हा शब्द मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये वापरात आणला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जाणारा'. द्रावणातून वीज सोडली की हे कण आपापल्या विरुद्ध प्रभाराच्या टोकाकडे निघतात ना, म्हणून! आपल्या उत्तरायणातलं 'अयन' म्हणजेही जाणंच.

पुढच्या चाचणीत मला १४ गुण मिळाले. पैकीच्या पैकी नाहीत, पण तो पेपर मी लपवला नाही.

आता तुमची पाळी. चुन्याच्या निवळीत कॅल्शियम आहे धन २ आणि हायड्रॉक्साइड ऋण १. मग एका कॅल्शियमला हायड्रॉक्साइड किती लागतील? पाठ नका करू हं, हिशेब करा!