स्पिटफायरची थोरली बहीण

चिखलीच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची स्टँडर्ड हेरल्ड उभी आहे. यंदा सोयाबीनने बियाण्याचेही पैसे दिले नाहीत, म्हणून काकांनी ती विकायला काढली. पुण्याहून गिऱ्हाईक आलं. पण त्याला हेरल्ड नकोच होती. तिची ट्रायम्फ स्पिटफायर करायची होती.

मागणी वाटते तितकी वेडगळ नाही. १९५९ साली ट्रायम्फने इंग्लंडमध्ये हेरल्ड आणली, तेव्हा एकसंध बॉडी घडवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने विकत घेतलेला होता. मग इटलीच्या मिकेलोत्तीने वेगळ्या चॅसीवर तुकडे तुकडे बोल्टने आवळायची गाडी रेखाटली. तीच चॅसी साडेआठ इंच आखूड करून त्याने वर दोघांपुरती उघडी बॉडी बसवली. पण कंपनीकडे पैसे नव्हते. नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी घेतली, पाहणी करताना कुणीतरी ते कापड उचललं, आणि १९६२ मध्ये स्पिटफायर बाजारात आली. १९८० पर्यंत तीन लाखांवर बनल्या. आपल्याकडे मद्रासला बनली ती फक्त हेरल्ड, ९४८ सीसीची.

खरं सांगायचं तर स्पिटफायर फार पळणारी गाडी नव्हतीच. मजा वेगळीच होती. बसल्या बसल्या हात रस्त्याला लागेल इतकी ती बुटकी. बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. चाकावर बसून इंजिनाचं काम करा. हे बॉनेट आमच्या हेरल्डलाही आहे. पंचवीस फुटांत ती पूर्ण वळते, त्यामुळे आठवडी बाजारातही आजोबांचं अडत नसे.

खोडही दोघींची एकच. भर वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं नि शेपूट निसटते. मलकापूरला जाताना राजूर घाटात आजोबा वळणाआधीच वेग कमी करत, वळणात पाय हलवत नसत. काका अजून बसही तशीच चालवावी म्हणतात.

गिऱ्हाइकाने चांगला आकडा सांगितला. काकांनी पाना घेऊन छपराचा एक बोल्ट सैल करून दाखवला.

"छत काढा म्हणसान त आत्ता काढून देतो. चॅसी नाई कापू देनार."

"छत काढून स्पिटफायर होत नाही, काका."

"मंग नोका करू."

तो गेला. काकूने विचारलं, आता बियाण्याचं काय? काका बोल्ट पुन्हा आवळत होते.