नटाची तसबीर

बँकेतल्या कारकुनाला चित्रकलेतलं काय कळतं, असं कुणी विचारण्याआधीच सांगून टाकतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जो बँकेच्या काउंटरवर बसलेला नाही, त्याने चित्रकलेवर बोलूच नये. त्या आठवड्यात नव्या वर्षाची कॅलेंडरं येतात आणि एरवी व्याजाचा दरही न विचारणारे खातेदार एकदम कलासमीक्षक होतात. निसर्गदृश्य असलं तर, ‘‘झाडंच बघायची तर घराला खिडकी आहे की!’’ किल्ला असला तर, ‘‘मागच्या वर्षीपण दगडच होते.’’ आणि गणपती असला तर एका खात्यावर चार कॅलेंडरं मागतात. भिंतीवर लोकांना कोण हवं असतं आणि कोण नको, याचा वीस वर्षांचा अनुभव माझ्या गाठीशी आहे. बी.कॉम.च्या सर्टिफिकेटावर त्याचा उल्लेख नाही, एवढंच.

यंदा मात्र उलटी गंगा वाहिली. चाकणच्या एका जपानी कारखान्यात नोकरी करणारे आमचे एक खातेदार जपानची वारी करून आले आणि त्यांनीच मला कॅलेंडर दिलं. बारा महिने, बारा नट. सगळे तीनशे वर्षांपूर्वीचे, काबुकी नावाच्या नाट्यप्रकारातले. पहिलं पान उघडलं तर डोळे वटारलेला, दात खाणारा, अंगावर शेंदूर फासल्यासारखा एक धटिंगण बांबू मुळासकट उपटतोय. आमचा शिपाई म्हणाला, ‘‘साहेब, हा कुठला वेताळ?’’

तो वेताळ नव्हता. तो इचिकावा दान्जुरो, पहिला. १६९७ सालच्या एका नाटकात त्याने हा बांबू उपटला आणि तोरीई कियोमासू या चित्रकाराने त्याला लाकडी ठशावरून कागदावर उतरवला. आता तीनशे वर्षं झाली, बांबू काही पुरता हातात आलेला नाही.

शिपायाचा एक अंदाज मात्र बरोबर होता. तो रंग खरोखरच शेंदूर होता! जपानी लोक ज्याला ‘तान’ म्हणतात, तो शिशापासून केलेला नारिंगी-लाल रंग म्हणजेच आपला मारुतीरायाचा शेंदूर. त्या काळी ठशावरून छापायची ती फक्त काळी रेघ. रंग नंतर कुंचल्याने, एकेका कागदावर, हाताने भरायचा. ठशावरून गुलाबी आणि हिरवा असे दोन रंग छापायला १७४० चं दशक उजाडलं आणि भरजरी, अनेकरंगी छपाई आली ती १७६५ साली.

हे तोरीई घराणंही मजेदार. मूळ पुरुष कियोमोतो हा स्वतः ओसाकाचा नट, तोही स्त्रीभूमिका करणारा. १६८७ साली तो एडोला, म्हणजे आजच्या तोक्योला आला आणि नाटकगृहांच्या पाट्या रंगवू लागला. त्याचा मुलगा कियोनोबू याने तोच धंदा कागदावर आणला. पाटी रस्त्याच्या पलीकडून दिसली पाहिजे, म्हणून रेघ जाड. कागद हातात धरून बघायचा, तरी रेघ जाडच राहिली. पाय तर असे फुगवलेले, की जपानी लोकांनीच त्यांना ‘भोपळ्याचे पाय’ आणि त्या वळवळत्या रेघांना ‘गांडुळाच्या रेघा’ असं नाव ठेवलंय. आपल्याकडे असं काही म्हटलं तर कलावंत तीन दिवस जेवणार नाही. तिथे तो शैलीचा अधिकृत शब्द झाला.

माझ्यासारख्या कॉमर्सच्या माणसाला मात्र चित्रापेक्षा त्याचा जमाखर्च आवडला. एका चित्रामागे चार जण. चित्रकार रेखाटणार, दुसरा चेरीच्या लाकडात ते कोरणार, तिसरा छापणार आणि चौथा, म्हणजे प्रकाशक, पैसे घालणार. अर्थात शेवटचा शब्द चौथ्याचा. जगात काही गोष्टी शतकं उलटली तरी बदलत नाहीत.

आणखी एक गंमत. या सुरुवातीच्या चित्रांत चेहरे सगळे सारखेच. मग हा दान्जुरो हे ओळखायचं कसं? तर बाहीवरच्या चिन्हावरून. दान्जुरोचं चिन्ह म्हणजे एकात एक बसवलेली धान्याची तीन चौकोनी मापं. ती दिसली की दान्जुरो. हे वाचून मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. आम्ही तरी काउंटरवर दुसरं काय करतो? समोर प्रत्यक्ष माणूस उभा असला तरी आम्ही सही बघतो. चेहऱ्यावरून नट ओळखू यावा, अशी चित्रं १७६० नंतर कात्सुकावा शुन्शो वगैरे मंडळींनी काढायला घेतली.

या पहिल्या दान्जुरोचा शेवट मात्र वाईट झाला. १७०४ साली नाटकगृहातच एका सहकारी नटाने त्याला भोसकून मारलं. पण नाव गेलं नाही. मुलगा दुसरा दान्जुरो झाला आणि हे नाव पुढे चालत चालत २०२२ साली तेराव्यापर्यंत पोचलंय. नॉमिनेशनचा फॉर्म न भरता इतकं सुरळीत चाललेलं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही.

आता तुम्ही म्हणाल, दापोडीच्या माणसाने एडोच्या नटांचं एवढं मनावर का घ्यावं? तर त्याचं कारण सहाव्या महिन्याच्या पानावर होतं. त्या पानावर एक बाई होती, म्हणजे बाई नव्हती. काबुकी सुरू केलं ओकुनी नावाच्या बाईने, १६०३ मध्ये. सरकारने १६२९ साली बायकांनाच रंगभूमीवर बंदी केली. मग बायकांची कामं पुरुषांनी करायची आणि खऱ्या बायकांनी प्रेक्षागृहात बसून, साडी कशी नेसावी ते त्यांच्याकडून शिकायचं. अठराव्या शतकात सेगावा किकुनोजो या नटाच्या आवडीचा रंग शहरभरच्या बायका वापरू लागल्या होत्या.

आपल्याला हे सांगायला नको. आपल्याकडे नारायण श्रीपाद राजहंस होते. १८८८ चा जन्म. १९११ साली ‘मानापमान’मध्ये भामिनी झाले, १९१६ साली ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी. बालगंधर्व पदर कसा घेतात हे बघायला बायका नाटकाला जात आणि दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईतले पदर तसे होत. माणूस चाळिशी ओलांडूनही रुक्मिणी होत होता. मी चाळिशीत चष्म्याशिवाय चेकवरची रक्कम वाचू शकत नाही.

माझ्या आत्याच्या घरी, सदाशिव पेठेत, माजघरात ओळीने पूर्वजांच्या तसबिरी होत्या आणि त्या ओळीत शेवटची तसबीर बालगंधर्वांची होती. भामिनीच्या वेषात. शालू, नथ, सगळं यथासांग. नव्या सुना सगळ्या तसबिरींना नमस्कार करायच्या, त्यात भामिनीलाही व्हायचा. एका जावयाने तर, ‘‘या आजी फार देखण्या होत्या हो!’’ असं म्हणून सासऱ्यांना खोकला आणला होता.

गेल्या वर्षी तो वाडा रीडेव्हलपमेंटला गेला. आतेभावाचा नवा फ्लॅट झकास आहे, पण इंटेरिअरवाल्याने भिंतीला खिळा मारायला बंदी केलेली. पूर्वज स्कॅन होऊन पेनड्राइव्हवर गेले. भामिनी पूर्वज नसल्यामुळे स्कॅनही झाली नाही. ती रद्दीच्या ढिगाला टेकून उभी होती. ‘‘गुगलवर बालगंधर्वांचे शेकडो फोटो आहेत,’’ भाऊ म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. शिवाय बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली तैलचित्रं आहेतच.

तेव्हा आत्या बोलली. ती चौऱ्याऐंशीची आहे आणि भांडण करायचं तिने साठीनंतर सोडलंय. ती एवढंच म्हणाली, ‘‘सासूबाईंनी घेतली होती ती. ताक विकून साठवलेले आठ आणे होते. उभ्या जन्मात स्वतःच्या पैशाने घेतलेली तेवढी एकच वस्तू. बाकी सगळं घरात मिळालेलं, नाहीतर अंगावर घातलेलं.’’

कुणीच काही बोललं नाही. मला त्या क्षणी कॅलेंडरवरचा शेंदूर आठवला. एडोतल्या त्या कागदांचं तरी काय झालं? ती काही श्रीमंतांनी जपायला घेतलेली चित्रं नव्हती. साध्या माणसांनी घ्यायची आणि भिंतीला लावायची. ती धुराने काळी व्हायची, फाटायची, नवा नट आला की जुना निघायचा. म्हणून तर त्या पहिल्या पिढीची चित्रं आज इतकी दुर्मिळ आहेत. नटाचं नाव राहिलं, चित्रकाराचं राहिलं. पैसे मोजणाऱ्या बाईचं नाव कोणत्याच वहीत नाही.

तसबीर मी दापोडीला आणली. मेट्रोत लोकांनी उठून जागा दिली, ती मला नव्हे, भामिनीला. आमच्या दापोडीचा या बाबतीतला लौकिक तसा बरा नाही. इथल्या जुन्या सरकारी बागेत १८४७ ते १८५० च्या दरम्यान झाडाझुडपांची सुरेख चित्रं काढली गेली. ती आज एडिनबरोच्या बागेच्या संग्रहात आहेत आणि काढणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. दापोडीतून चित्रं बाहेर जातात, आत येत नाहीत. तेव्हा एक तरी आली, म्हणून गावाच्या वतीने मीच समाधान मानून घेतलं.

सौभाग्यवतींनी दोन अटी घातल्या : काच पुसायचं काम माझं, आणि ‘‘या कोण?’’ असं विचारणाऱ्यांना उत्तर द्यायचं कामही माझं. खिळा मी स्वतः मारला. तसबीर किंचित डावीकडे कलते, पण भामिनीला ते शोभतं.

आता आत्या दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. माझी तब्येत, मुलांचा अभ्यास, दुधाचा भाव, सगळं विचारून होतं. मग ती म्हणते, ‘‘बरं, तू बाजूला हो जरा.’’