गोंदियाचा 'बीच'

डिसेंबर जवळ आला की ऑफिसात एकच चर्चा : गोवा की तारकर्ली? तेच शॅक, तीच बनाना राइड, तीच गर्दी. मंडळी, यंदा काहीतरी हटके करा. कोल्हापूरहून सुटून पुण्यामार्गे जाणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसच्या पाटीवर 'गोंदिया' हे नाव तुम्ही शंभरदा वाचलं असेल. एकदा शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून बघा. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब आहे, पण पाण्याला तोटा नाही.

गोंदियाहून साधारण ६५ किलोमीटरवर नवेगावबांध. जवळपास ११ चौरस किलोमीटरचा तलाव आणि भोवती 'सात बहिणी' नावाचे डोंगर. सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसतच नाही. मी चपला काढून तासभर नुसती बसून होते. मोबाइलची रेंज येऊन-जाऊन. सहीच!

आणि हा तलाव चक्क माणसाने बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या खिंडी बांधून पाणी अडवलं, असं सांगतात. लोकांनी त्यांना पुढे देवच केलं. 'कोलासूर' म्हणून डोंगरावर त्यांचं ठाणं आहे. (आपल्याकडे फ्लायओव्हर बांधणाऱ्यांना लोक जे म्हणतात, ते इथे छापता येणार नाही.) कोहळी समाजाने या भागात असे कितीतरी तलाव बांधले आणि त्यांच्या जिवावर धानाची शेती उभी राहिली. आजही बांध्यांमध्ये पाणी जातं ते असल्या तलावांतूनच.

वॉटर स्पोर्ट्सचं काय? जेट-स्की विसरा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावतलावावर मला ढिवर काकाजींनी डोंग्यात बसवलं. वीतभर रुंदी, हाताला धरायला काही नाही. मी जरा सरकले तर लगेच, "हलू नका जी मॅडम, डोंगा आहे, सोफा नाही." श्वास रोखून बसायचं आणि खाली बघायचं. नितळ पाण्यात गवतासारख्या वनस्पती डुलत असतात, त्यांच्यात बोटभर मासे. काकाजी म्हणाले, मध्ये बेशरम माजली आणि हे सगळं गेलं होतं. मासेही गेले आणि पक्षीही. या तालुक्यातल्या ढिवर बायकांनी काही तलावांतली बेशरम उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था त्यांच्या सोबत होती. आपण ज्याला 'व्ह्यू' म्हणून फोटो काढतो ना, तो कुणीतरी कंबरभर पाण्यात उभं राहून लावलेला असतो.

हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब इथे उतरतात. पक्ष्यांची आवड असलेल्यांना हे नाव मारुती चितमपल्लींच्या लिखाणातून माहीत असेलच. ते इथे वनाधिकारी होते. वाघ हवाच असेल तर नागझिरा आहे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून इथे सोडल्या. मला वाघ दिसला नाही. रानगवे मात्र भरपूर दिसले.

पण माझं मन अडकलं ते सारसात. जवळजवळ माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यात उंच. महाराष्ट्रात तो आता जवळपास याच पट्ट्यात उरलाय आणि अलीकडच्या गणनांमध्ये आकडा चाळिशीच्याही आत. आपल्या एका डिपार्टमेंटमध्ये याहून जास्त माणसं असतात! पावसाळ्यात तो भातशेतात किंवा तलावाकाठी घरटं करतो, अंडी एक किंवा दोन. विजेच्या तारा आणि कीटकनाशकं त्याच्या जिवावर उठलीत. शेतात घरटं झालं की तेवढं धान मोडतं, म्हणजे ते जपायचं की नाही हे शेतकऱ्याच्या हातात. इथले बरेचजण जपतात. गोंदियाची 'सेवा' संस्था वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलत आलीय.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. नागपूरहून कारनेही अडीच-तीन तासांत नवेगावबांध येतं. सफारीचं बुकिंग आधी करा, दुर्बीण घ्या, स्पीकर घरीच ठेवा. आणि रस्त्यावरून सारसाची जोडी दिसली तर काच खाली करून गाडीतूनच बघा. बांधावर उतरू नका.